रस्त्याकडची खोली

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

शेजारच्या मावशींचा फोन एव्हाना पुण्याला येऊन गेला असणार. घरात पोरं येतात-जातात, खिडकीला काळे कागद लावलेत, आतून आंबट वास येतो. सगळं खरं आहे. रस्त्याकडची खोली मी मुलांच्या फोटो-सिनेमाच्या वर्गाला दिली आहे. आधी विचारायला हवं होतं. पण बाबा ‘बघू’ म्हणाले असते, आणि आपल्याकडे ‘बघू’चं काय होतं ते गच्चीवरच्या पत्र्यांना विचारा.

आधी तुमची सोय सांगते. बाबांचा पलंग देवघराशेजारी हलवलाय. तिथून संडास चार पावलांवर आहे, मधे पायरी नाही. कमोड बसवून घेतला, उठताना धरायला भिंतीत दांडी ठोकली. रात्री डोळ्यांवर येणार नाही असा मंद दिवाही लावलाय. देवघराला कुणी हात लावलेला नाही. आई, तुझा पाटा-वरवंटा जागच्या जागी आहे आणि लोणच्याच्या बरण्यांकडे पोरं फक्त बघतात.

वर्ग चालवणारे कुणी परके नाहीत. माझा पहिलीतला रडका फोटो ज्यांनी काढला ते स्टुडिओवाले काका आठवतात? मोबाइल आले नि त्यांचा स्टुडिओ बंद पडला. चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलेला एन्लार्जर, फोटो मोठा करायचं यंत्र, त्यांनी स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आणला. दुसऱ्या चित्रकलेच्या बाई, रिटायर झालेल्या. फोटो शिकून मुलगी बिघडेल म्हणणाऱ्या आयांकडे जाऊन चहा पिऊन त्या मुलगी घेऊनच येतात. तिसरा एक लग्नांचं शूटिंग करणारा मुलगा आहे, तो एडिटिंग शिकवतो. तिथी असल्या की गायब! मग आम्ही पोरांना गोष्ट लिहायला बसवतो. मुलांकडून फी नाही. तिघं मिळून विजेचं बिल भरतात. भाडं मीच घेत नाही, त्यावरून बाबांनी रागवायचं असेल तर रागवा.

वास फोटो धुण्याच्या रसायनाचा आहे. एक्झॉस्ट फॅन लावलाय. वापरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं पाणी, मोरीत ओतत नाही. त्यात चांदी उतरलेली असते, ते पाणी गोदावरीला, आपल्या गंगेला, जाऊ नये म्हणून काका कॅनमध्ये साठवतात.

बाबा, हीच खोली का, ते तुम्हाला सांगायला नको. गोवर निघाला होता तेव्हा मला तिथे अंधारात निजवलं होतं. खिडकीच्या फळीला गाठीचं भोक होतं आणि समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा चालायचा. सायकली वर, माणसांची डोकी खाली. मी भुतं म्हणून रडले, तर तुम्ही बाहेर जाऊन रस्त्यात उभे राहिलात आणि हात हलवलात. भिंतीवर उलटे बाबा हात हलवत होते. परवा काळा कागद लावून त्याला भोक पाडलं, पोरांना भिंतीकडे बघायला सांगितलं आणि मी बाहेर जाऊन हात हलवला. आतून जो ओरडा झाला! मावशी बाहेर आल्या त्या त्यामुळेच.

बुधवारच्या बाजारात गंगेवर भाजी विकणाऱ्या बाईंचा मुलगा येतो. त्याने चार मिनिटांची फिल्म केली. नुसते आईचे हात, तराजू, सुटे पैसे. चेहरा का नाही विचारलं, तर म्हणाला, तोंड दाखवायचं म्हटलं की आई साडी बदलून येते. बाबा, तुम्ही नोट उजेडाकडे धरून बघायचात ना, तशी ही मुलं ओला फोटो दिव्याकडे धरून खोट काढतात. नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस त्यांना हवाय. गुडघा सुधारला की बघा. आग्रह नाही.

आई, तू म्हणशील, फोटोंनी पोट भरतं का? दादासाहेब फाळके त्र्यंबकचेच. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्यांचा स्वयंपाक केला, वर फिल्मला भोकंही पाडली. तुझ्या पाटल्या लॉकरमध्येच आहेत! त्याआधी फाळक्यांनी मटाराचं रोप वाढताना एकेक चित्र घेऊन फिल्म केली होती. तसंच आमची पोरं डब्यातल्या मेथीचा दर तासाला फोटो घेतात. डबा तुळशीशेजारी आहे, तुळशीला पाणी मीच घालते. शेवटी फाळक्यांच्या हातात काय उरलं, हे मात्र विचारू नकोस. १९४४ साली इथेच नाशकात गेले. म्हणून हा दाखला मी फार ताणत नाही.

आता फोनवर तोंडाशी येऊन राहिलेलं. कंपनी मी ३१ मार्चला सोडली. कुणी काढलं नाही. आठवड्यातून तीन दिवस हिशेबाचं काम धरलंय, पीएफला हात लावलेला नाही, तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता भरून झाला. रोज सातपूरला जाऊन संध्याकाळी रिकामं घर उघडत होते, तुम्ही दोघं तिकडे. त्याचा दोष तुमच्यावर अजिबात नाही. ऑपरेशन तिथेच होणं बरोबर होतं आणि दादा-वहिनी करतात तेवढं मला एकटीला जमलं नसतं.

बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. आई, त्यांच्या चहात साखर घालून वर ‘थोडीशीच’ म्हणू नकोस. काठीशिवाय जिना उतरायचा नाही, दादा समोर असला तरी. येताना बसने येऊ नका, मी गाडी करून न्यायला येते. पुण्याहून चिवडा आणू नका, हसतील.

एक राहिलं. त्या खोलीवर लाल दिवा लागलेला असला तर दार एकदम लोटू नकोस आई, कागद खराब होतात. कडी वाजव. आपल्याच घरात तुला कडी वाजवायला सांगतेय, मला कळतंय. वाजवलीस की मी हातातलं टाकून येईन.

तुमची
धाकटी