‘कोड गियास’ मला परत मिळवून देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

‘कोड गियास’ या जपानी ॲनिमे मालिकेचे सात भाग पाहून मी ती सोडून दिली होती, हे तुम्हाला आठवत असेल. अभ्यासिकेत तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून मी तक्रार केली होती की, यात इतके राजपुत्र आणि इतके गट आहेत की कोण कोणाच्या बाजूने आहे तेच कळत नाही, आणि ज्याला नायक म्हणायचे तो तर सर्रास खोटे बोलतो, माणसे मारतो. तुम्ही उत्तरलेखनाच्या सरावाचा एक कागद उलटा केलात, त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ब्रिटानिया, चिनी संघराज्य आणि युरोप असे जगाचे तीन तुकडे पाडलेत आणि जपानच्या जागी फक्त ‘११’ लिहिलेत. त्या आकड्यामुळे मी मालिका पुन्हा हाती घेतली, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

ब्रिटानिया साम्राज्याने जिंकलेल्या जपानचे नाव काढून त्याला ‘एरिया ११’ म्हणायचे आणि तिथल्या माणसांना ‘इलेव्हन’, ही गोष्ट मी केवळ कल्पनाविलास म्हणून पाहिली होती. नाव काढून घेतले की दाद कोणत्या नावाने मागायची, असे तुम्ही विचारलेत आणि मग सुझाकू व लुलूश यांच्यातला वाद जहाल-मवाळांच्या भाषेत उलगडून दाखवलात. जपानच्या अखेरच्या पंतप्रधानांचा मुलगा सुझाकू ‘मानद ब्रिटानियन’ होऊन जेत्यांच्याच सैन्यात शिरतो, कारण त्याला व्यवस्था आतून बदलायची आहे. उलट ब्रिटानियाचा परागंदा राजपुत्र लुलूश ‘झीरो’चा मुखवटा चढवून बंड पुकारतो. हे साम्य फार ताणू नये, असेही तुम्हीच बजावलेत, कारण लुलूशच्या बंडाच्या मुळाशी आईच्या खुनाचा सूड आणि चाकांच्या खुर्चीतल्या अंध बहिणीची काळजी आहे. जपानचे स्वातंत्र्य त्याला त्या वाटेवर भेटते.

तुमची दुसरी मदत मला अधिक मोलाची वाटते. लुलूशच्या प्रत्येक निर्णयाचा जमाखर्च वहीत मांडायला तुम्ही सांगितलेत: डाव्या बाजूला त्याने काय मिळवले, उजव्या बाजूला त्याची किंमत कोणी मोजली. नारिताच्या लढाईत लुलूश डोंगराचा कडा ढासळवून शत्रूची फौज गाडतो, तेव्हा त्याच्या बुद्धीवर खूश होऊन मी डावीकडे ठळक अक्षरांत ‘विजय’ लिहिले होते. तीच दरड पुढे वस्तीवर जाते आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या वर्गमैत्रिणीचे, शर्लीचे, वडील त्यात मरतात. भर पावसात ती आपले दुःख त्याच्यापाशीच मोकळे करते, झीरोने आपल्या बाबांना का मारले असे त्यालाच विचारते, आणि त्याच्याकडे द्यायला उत्तर नसते. उजवीकडे ‘शर्लीचे बाबा’ लिहिताना डावीकडचा ‘विजय’ खोडावासा वाटला, पण तोही खोटा नव्हता.

पहिल्या पर्वाचा बाविसावा भाग पाहून मी चिडून तुम्हाला संदेश पाठवला होता. ब्रिटानियाची राजकन्या, लुलूशची सावत्र बहीण युफेमिया जपान्यांना त्यांचे नाव परत देऊ पाहते, लुलूश तिच्यापुढे नमते घेतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ताब्यात न राहिलेल्या ‘गियास’मुळे, म्हणजे समोरच्याला आपली आज्ञा पाळायला लावणाऱ्या त्याच्या शक्तीमुळे, त्याचा एक थट्टेचा शब्द तिच्यासाठी कत्तलीची आज्ञा ठरतो. हा केवळ योगायोग आहे, असे माझे म्हणणे होते. तुम्ही तो भाग युफेमियाच्या बाजूने पुन्हा पाहायला लावलात. माणसांच्या इच्छेवर हुकूम चालवण्याची सवय त्याने पहिल्या भागापासून लावून घेतली होती, हे मला तेव्हा उमगले. दिग्दर्शक गोरो तानिगुची आणि लेखक इचिरो ओकोउची यांनी त्याला या अपराधातून कुठेही सोडवलेले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

२००८ सालचे दुसरे पर्व मात्र मला घाईचे वाटते, आणि त्याच्या शेवटाबद्दल आपले अजूनही जुळलेले नाही. लुलूशने साऱ्या जगाचा द्वेष स्वतःवर ओढवून घेऊन झीरोच्या वेशातल्या सुझाकूच्या हातून मरण पत्करणे, हे तुमच्या मते प्रायश्चित्त आहे. मला त्यात प्रायश्चित्ताबरोबरच त्याने जगाला विचारल्यावाचून घेतलेला आणखी एक निर्णय दिसतो. वहीत त्या भागाची उजवी बाजू मी कोरी ठेवली आहे. पुढच्या भेटीत ती तुमच्यासोबत बसून भरायची आहे.

आपली ऋणी,
शेजारच्या टेबलावरची विद्यार्थिनी