ऊसतोडीला जाताना बीपीच्या गोळीत खंड नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा झाला की धारूर, केज, वडवणीकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. गाडीत कोयते, पीठ-मीठ, भांडीकुंडी सगळं भरलेलं असतं; बीपीच्या गोळ्या मात्र जेमतेम पंधरवड्याच्या. त्या संपल्या की ‘त्रास तर काही नाही’ म्हणून राहून जातं. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल या बीटा-ब्लॉकर गोळ्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं.

कष्टात, ताणात अंगात सुटणारं ॲड्रेनालिन हे संप्रेरक हृदयाला पळवतं ते पेशींवरच्या बीटा ग्राहींमार्फत, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागांमार्फत. गोळी त्याच जागा अडवते. ठोके मंदावतात, त्यांचा जोर कमी होतो. मूत्रपिंडातून बीपी वाढवणारं रेनिन हे द्रव्यही कमी सुटतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणं आणि अंगात मीठ-पाणी साठणं घटतं. नाडी लगेच उतरते. बीपीवर पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात.

पण गोळी बरेच दिवस चालू राहिली की शरीर ग्राहींची संख्या वाढवतं. अशात ती एकाएकी थांबली तर ॲड्रेनालिनला रान मोकळं मिळतं: धडधड, बीपीची उसळी, छातीत दुखणं, प्रसंगी हृदयविकाराचा झटका. आज नुसत्या बीपीसाठी हा गट सहसा पहिल्यांदा दिला जात नाही. झटका येऊन गेलेल्यांना, छातीत दुखणाऱ्यांना तो बऱ्याचदा दिला जातो. म्हणजे खंड पडला की सर्वाधिक धोका त्यांनाच, आणि नेमकं तेव्हा तो माणूस फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

परगावच्या मेडिकलवर आणखी एक घोळ होतो. मेटोप्रोलोल सक्सिनेट दिवसातून एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी; टार्ट्रेट साधी, बहुधा दोनदा घ्यायची. दोन्हींवर ५० मिग्रॅ असलं तरी एकीऐवजी दुसरी चालत नाही. सक्सिनेटची गोळी चावू किंवा कुटू नये. चुकलेल्या गोळीपायी पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली तर एरवीची धडधड, थरथर या गोळीमुळे जाणवत नाही. घाम मात्र सुटतो, तेवढ्यावरून ओळखून लगेच साखर खावी.

आरोग्य विभागाला विनंती, की टोळ्या निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून या रुग्णांना किमान तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, सक्सिनेट की टार्ट्रेट यासकट, सुवाच्य लिहावं.

– एक फार्मासिस्ट, केज (जि. बीड)