चिनूस, त्या उतरलेल्या सुराबद्दल

मिरज, २४ नोव्हेंबर

चि. चिनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर पुन्हा तेच होईल म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर तू "आई, पुरे" म्हणतेस आणि मी पुरे करत नाही. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी एक, समीरवर रागावू नकोस. त्यानं आपण होऊन काही सांगितलं नाही. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी रविवारी तीनदा ऐकलं. ते सुसातोचं पावान, म्हणजे संथ चालीच्या जुन्या युरोपी नाचाचं संगीत. शेवटच्या भागात लांब सुरावर तुझा क्रमहॉर्न, ते जुनं वाकडं फुंकायचं वाद्य, किंचित खाली आला. गेल्या वर्षी मी तिकडे इंग्लंडात, यॉर्कला आले होते तेव्हा तूच समजावलं होतंस ना, की याची पत्ती आत टोपीखाली असते, तिला ओठ लागत नाहीत, म्हणून हळू फुंकलं तर आवाज बारीक होत नाही, सूरच उतरतो. जेमतेम नऊ सुरांचं वाद्य, लपायला जागा नाही. सतारमेकरांच्या घरात जन्मलेली बाई मी, एवढं कळणार नाही? म्हटलं, हिला दम पुरत नाहीये. मग समीरला खोदून विचारलं, तेव्हा न्यूमोनियाचं बाहेर आलं. दोन आठवडे उलटल्यावर!

त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "बंद कर ते फुंकणं" हे शब्द माझ्या तोंडून गेले, आणि तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. पण तुझा तो श्वासाचा पंप पर्समध्ये असतो ना? पर्समध्ये नको, खिशात ठेव. तालमीला जाताना पर्स कोपऱ्यात पडलेली असते, मी पाहिलंय.

मला तुमची ती मंगळवारची तालीम आठवते. चर्चच्या मागची खोली, हीटर नावापुरता. निवृत्त पोस्टमन, दातांची डॉक्टरीण, शाळेतले ते गणिताचे मास्तर, आणि मधोमध तू, काठीच्या मुठीसारखं वाकडं लाकूड तोंडाला लावून. पहिला आवाज निघाला तेव्हा मला वाटलं, रेडकू हंबरलं. हसू दाबायला मी चहाचा कप तोंडापुढे धरला, तुला दिसलं असणार. पण दहा मिनिटांनी चारही क्रमहॉर्न एका सुरात आले आणि माझ्या अंगावर काटा आला. अगदी आपल्या गुरुवारच्या भजनी मंडळासारखं. कुणी पोटासाठी वाजवत नाही, कुणाचं बेताचंच आहे, पण वेळ कुणी चुकवत नाही. १५५१ साली अँटवर्पात सुसातोनं ही नाचाची पुस्तकं छापली, तो स्वतःही गावच्या वाजंत्र्यांतलाच, हे तू सांगितलंस तेव्हा फार बरं वाटलं मला. आणि तुमच्या यॉर्कचे ते वेट्स, गावचे वाजंत्री! नगरपालिकेच्या पगारावर, अंगावर गणवेश, हिवाळ्यात पहाटे शॉम वाजवत गल्लीबोळातून फिरायचे. १८३५ च्या कायद्यानं त्यांचा धंदा बसला म्हणालीस. शॉम म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण, मग ते लोक आपल्या चौघड्यावाल्यांचे कोण लागतात ते तूच ठरव.

पण आता डिसेंबरच्या कार्यक्रमात तू शॉम वाजवणार म्हणतेस. त्याला क्रमहॉर्नपेक्षा जास्त दम लागतो, हे मला कुणी सांगायला नको. सनईवाल्यांचे गाल मी लहानपणापासून पाहतेय. तुमच्याकडे ती गांबा आहे ना, गुडघ्यांत धरतात ती? सहा तारा, वर पडदे बांधलेले, आपल्या सतारीसारखेच. गजानं वाजवायची, श्वासाचा संबंध नाही. आजोबांची नात तू, हात बसायला वेळ लागणार नाही. एक वर्ष ती घे, छाती बरी झाली की मग

बघ, परत सुरू झालं माझं. खोडत नाही, राहू दे.

खरं सांगायचं तर फुंकणं तुझ्या हातात मीच दिलं. सतारीच्या कारखान्यात भोपळ्याचा भुसा आणि लाखेचा वास, तुला तिथे पाच मिनिटं बसवायचं नाही. रात्री दोनला खिडकीत बसून तू श्वास ओढायचीस आणि मी पाठीवर हात फिरवत मोजायचे. डॉक्टर म्हणाले, फुगे फुगवू दे, शिट्टी वाजवू दे. मीरासाहेबांच्या उरुसात मी तीन रुपयांची बासरी घेतली. औषध म्हणून घेतली होती. तू सातवीत तिच्यावर अख्खा अभंग वाजवलास तेव्हा बाबा उठून आत गेले, डोळे पुसायला. त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल मी लिहीत नाही. तुला माहीत आहे मी कुठला आवाज ऐकते.

स्पेनमधल्या मोन्सेरातच्या त्या लाल पोथीतली गाणी तुम्ही बसवताय, हे मात्र मला फार आवडलं. डोंगरावरच्या मठात यात्रेकरू रात्रभर जागायचे, त्यांना गायचं-नाचायचं असायचं, म्हणून मठवाल्यांनी १३९९ च्या सुमारास सोज्वळ गाणी लिहून ठेवली. दहाच उरली. काही तर फेर धरून नाचायची. नेपोलियनच्या सैन्यानं १८११ मध्ये मठ जाळला, तेव्हा पोथी कुणीतरी वाचायला नेलेली होती म्हणून बचावली. उसनं नेलेलं पुस्तक परत न देणारी माणसंसुद्धा कधी उपयोगी पडतात! मी मंडळात हे सांगितलं. देशपांडेकाकू म्हणाल्या, म्हणजे त्यांचीही वारीच की. आम्ही पुढच्या गुरुवारी तुझं रेकॉर्डिंग लावणार आहोत. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की मधल्या आवाजातली माझी मुलगी.

सोबत पार्सलमध्ये सुंठ, ज्येष्ठमध आणि बाबांचा मफलर आहे. मफलर चर्चमध्ये वाजवतानासुद्धा काढू नकोस, पोशाखाखाली दिसत नाही. डॉक्टरांनी छातीचा दुसरा फोटो कधी काढायला सांगितलाय ते समीरला नव्हे, मला कळव.

आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठव, पूर्ण. मध्ये खोकला आला तर कापू नकोस.

तुझी,
आई