श्रेय सोडणाऱ्याचेही नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टेस्ट ट्यूब बेबीच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन हिच्या जन्माची हकिगत चांगली उतरली आहे. मात्र भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये जन्मली, हे विधान दुरुस्त करायला हवे.

तो जन्म घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे काम मोठेच आहे, आणि ते महापालिकेच्या रुग्णालयात झाले याचा अभिमान मलाही आहे. पण पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या ‘दुर्गा’चा. ती ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मली, म्हणजे लुईसनंतर अडीच महिन्यांच्या आतच. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी इंजेक्शने देऊन जास्त स्त्रीबीजे मिळवली, गर्भ गोठवून ठेवला आणि पुढे तो गर्भाशयात सोडला. इंग्लंडमध्ये लुईसचा जन्म घडवणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांना यश आले ते पाळीच्या नैसर्गिक चक्रातल्या एकाच बीजावर. आज गल्लोगल्लीच्या केंद्रांत ‘फ्रोझन’ म्हणून जे चालते, त्याची वाट मुखोपाध्यायांनी तेव्हाच धरली होती.

त्यांच्या वाट्याला काय आले? सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. शेवटी बदली झाली ती नेत्ररोग संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ‘समाज तयार नव्हता’ असे आपल्या लेखात म्हटले आहे. इथे समाजाचा काय संबंध? नाकारले ते व्यवसायबंधूंनी आणि फायली हलवणाऱ्यांनी.

१९९७ मध्ये आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणे आली. ती तपासून, पहिले आपण नव्हे, मुखोपाध्याय, असे त्यांनी रीतसर लिहून प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावावर लागलेला मान असा काढून देणारी माणसे आपल्याकडे किती? लेखात त्यांचा उल्लेख ओझरता आला आहे, आणि तोही नेमका ही गोष्ट वगळून.

मी निवृत्त परिचारिका, म्हणून आणखी एक नाव सुचवते. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या, लुईसच्या जन्माच्या त्या प्रयोगात जीन पर्डी होत्या, मूळच्या परिचारिका. प्रयोगशाळेची बरीचशी भिस्त त्यांच्यावर होती. एडवर्ड्स यांनी आग्रह धरूनही तिथल्या फलकावर त्यांचे नाव कित्येक वर्षे आले नाही. त्या १९८५ मध्येच वारल्या. २०१० चे नोबेल एकट्या एडवर्ड्स यांना मिळाले.

राहिला लेखातला ‘आता सर्वत्र स्वीकार’ हा मुद्दा. जाहिराती एसटीच्या पाठीवर आल्या, हे खरे. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पाहिलेल्या सुना इंजेक्शने फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीखाली दडवत आणि दवाखान्यात येताना घरी ‘मैत्रिणीकडे डोहाळजेवण आहे’ असे सांगून निघत. दोष नवऱ्यात निघाला असला, तरी दडवादडवी बाईनेच करायची! यावर एखादा लेख आपल्या पुरवणीत यावा, आणि वरची दुरुस्ती मुख्य अंकात, ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा