घोड्याची किंमत छापता, मग धाव का छापत नाही?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येतात आणि त्या आम्ही खानदेशातील वाचक आवडीने वाचतो. मात्र या बातम्यांचा साचा वर्षानुवर्षे एकच राहिला आहे. अमुक घोड्याला इतके लाख मागितले, तमुक घोडा इतके लिटर दूध पितो, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी आहे, गळ्यावर देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा आहे, मालकाने इतक्या बोलीलाही तो दिला नाही, एवढ्यावर मजकूर संपतो. तो घोडा किती अंतर, किती वेळात आणि किती दमून कापतो, याची एक ओळही मला आजवर कोणत्याही मराठी दैनिकात सापडलेली नाही. दुसरीकडे मुंबई-पुण्याच्या आवृत्त्यांत घोडदौडीची दखल घेतली जाते ती उद्या कोणता घोडा लागेल या अंदाजापुरती. म्हणजे घोडा एक तर मालमत्ता म्हणून छापला जातो, नाही तर जुगार म्हणून. तो एक खेळाडू आहे आणि त्याच्या पाठीवर बसलेला माणूसही खेळाडू आहे, ही गोष्ट क्रीडापानाने गांभीर्याने घ्यावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

परदेशातील मोठ्या शर्यती मी अनेक वर्षांपासून पाहत आलो आहे आणि त्यांच्याविषयी माझी काही ठाम मते आहेत. बक्षिसाच्या रकमेवरून शर्यतीचा मोठेपणा ठरवणे मला मान्य नाही. सौदी अरेबियाने २०२० साली सुरू केलेल्या ‘सौदी कप’चे बक्षीस दोन कोटी डॉलर आहे आणि १९९६ पासून होणाऱ्या ‘दुबई वर्ल्ड कप’चे एक कोटी वीस लाख डॉलर. तरीही २४०० मीटरवर जगातील सर्वोत्तम घोडा कोणता, याचा निवाडा मी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर होणाऱ्या ‘प्री द लार्क द त्रिओंफ’ या शर्यतीवरच सोडेन, कारण तेथे तीन वर्षांचे तरुण घोडे आणि वयाने थोराड घोडे एकाच मैदानात, वयानुसार ठरवून दिलेले वजन घेऊन भिडतात आणि बहुधा ओलसर झालेली ती हिरवळ कोणाचीच गय करत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न कप’ची गोष्ट याहून वेगळी आहे. १८६१ पासून चालत आलेली ही ३२०० मीटरची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होते आणि त्या दिवशी मेलबर्न शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी असते. ही हँडिकॅप शर्यत आहे, म्हणजे ज्या घोड्याची आजवरची कामगिरी चांगली, त्याच्या पाठीवर अधिक वजन. त्यामुळे बलाढ्य तबेल्यातील घोडा आणि एखाद्या लहान गावातील घोडा यांच्यातील दरी थोडी तरी बुजते. २०१५ साली मिशेल पेन या ऑस्ट्रेलियन महिला जॉकीने ‘प्रिन्स ऑफ पेंझन्स’ या घोड्यावर ही शर्यत जिंकली, तेव्हा त्या घोड्याचा भाव एकास शंभर होता. मेलबर्न कप जिंकणारी ती पहिली महिला ठरली. पुढे २०२१ मध्ये आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर हिने इंग्लंडची ‘ग्रँड नॅशनल’ जिंकली. पुरुष आणि स्त्रिया एकाच शर्यतीत, एकाच नियमाने, बरोबरीने उतरतात असे खेळ किती आहेत? क्रीडापानाला एवढा एक विषयही पुरेसा आहे.

ग्रँड नॅशनलचे नाव निघाले म्हणून सांगतो, ती शर्यत मी पूर्वी हौसेने पाहत असे, आता पाहवत नाही. जवळपास सात किलोमीटर अंतर, तीस अडथळे आणि चाळीस घोड्यांची झुंबड, यातून होणारे अपघात पराक्रमाच्या नावाखाली झाकता येत नाहीत. आयोजकांनी २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली, हे योग्यच झाले, पण ते फार उशिरा झाले. मेलबर्नमध्येही २०२० साली ‘अँथनी व्हॅन डाइक’ हा इंग्लंडची डर्बी जिंकलेला घोडा शर्यतीत जायबंदी होऊन दगावला आणि त्यानंतर बाहेरून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे करण्यात आले. घोडदौडीवर टीका करणाऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ज्याला घोडा प्रिय आहे, त्याने ही टीका सर्वांत आधी ऐकली पाहिजे.

आता जुगाराचा मुद्दा. आपल्याकडील सुशिक्षित घरांत ‘रेस’ हा शब्द अजूनही दारू-पत्त्यांच्या पंगतीत बसवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोडदौड हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला, तरी वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने ती जुगाराच्याच रांगेत उभी आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर बसला. पैजेची हौस असणाऱ्यांविषयी मला फारसे सोयरसुतक नाही, परंतु शर्यत म्हणजे पैज, हे समीकरण खरे नाही. दुबईच्या ‘मेदान’ नावाच्या रेसकोर्सवर पैज लावण्यास परवानगीच नाही आणि तरीही जगभरचे घोडे तेथे धावायला जातात. यावर कोणी म्हणेल की तेथे शेखांचा पैसा आहे, आणि ते खरेच आहे. हाँगकाँग आणि जपान येथे मात्र पैजेच्याच उत्पन्नावर सारा डोलारा उभा आहे, तो कायद्याच्या चौकटीत आणि चोख हिशेबाने. पैसा कोठून यावा, यावर मतभेद असू शकतात. त्यासाठी खेळाच्या बातमीलाच दार बंद करणे हे मात्र अनाकलनीय आहे.

या संदर्भात जपानचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. जपानने १९८१ साली ‘जपान कप’ सुरू केला तो आपले घोडे जगाच्या तुलनेत कोठे आहेत, हे पडताळण्यासाठी. पहिल्याच वर्षी अमेरिकन घोडीने बाजी मारली आणि यजमानांना आपली पायरी कळली. घरच्या घोड्याने हा चषक प्रथम जिंकला तो १९८४ मध्ये. दरम्यान तेथील घोडेपालकांनी पराभवाची कारणे देत बसण्याऐवजी परदेशातून उत्तम नर आणले. १९८९ ची केंटकी डर्बी जिंकणारा ‘संडे सायलेन्स’ हा घोडा अमेरिकेतील पैदासदारांना फारसा नकोसा झाला होता, तो जपानने विकत घेतला आणि त्याच्या वंशाने देशाचे चित्र पालटले. त्याचाच मुलगा ‘डीप इम्पॅक्ट’ २००५ साली जपानचा त्रिमुकुट, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मानाच्या शर्यती, जिंकून गेला. पुढे २०२३ मध्ये ‘इक्विनॉक्स’ने दुबईत आणि टोकियोत जगाला थक्क केले आणि २०२५ मध्ये ‘फॉरएव्हर यंग’ने आधी सौदी कप व नंतर अमेरिकेतील ‘ब्रीडर्स कप क्लासिक’ या दोन्ही शर्यती मारल्या. पॅरिसची ती लार्क शर्यत मात्र जपानला अजून हुलकावणी देते आहे. तेथे त्यांचे घोडे चार वेळा दुसरे आले, एकदा तर अगदी शेवटच्या टप्प्यात आघाडी घेऊनही. तरी दर ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा जातात. या जिद्दीची मालिका मराठीत कोणी लिहिली, तर क्रिकेटच्या चार सामन्यांच्या वर्णनाइतकी ती नक्कीच वाचली जाईल.

आपण यात कोठे आहोत? महालक्ष्मी रेसकोर्सवरील ‘इंडियन डर्बी’ १९४३ पासून होत आहे, थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांची वंशावळ नोंदवणारे कार्यालय आपल्याच राज्यात, पुण्यात आहे आणि पावसाळ्यातील पुण्याचा हंगाम देशभरात नावाजलेला आहे. तरीही भारतात वाढलेला घोडा जगातील मोठ्या शर्यतीत सहसा दिसत नाही. याचे कारण केवळ वेगाचे नाही. घोडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा म्हणजे रोगमुक्ततेचे दाखले आणि विलगीकरण यांचे मोठे सोपस्कार पार पाडावे लागतात. हे नियम किती कडक असतात याचे उदाहरण द्यायचे तर १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला झाले, पण विलगीकरणाच्या नियमांमुळे त्यातील अश्वस्पर्धा स्टॉकहोमला भरवाव्या लागल्या, आणि २००८ मध्ये बीजिंगऐवजी त्या हाँगकाँगला घ्याव्या लागल्या.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरलेल्या हालचाली करून दाखवण्याच्या प्रकारात, सांघिक सुवर्णपदक जिंकले, ते १९८२ च्या दिल्लीतील यशानंतर घोडेस्वारीत मिळालेले पहिले सुवर्ण होते. त्या चमूत आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, मुंबईचा हृदय छेडा होता, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला होता. आनंदाची बातमीच ती, परंतु या चौघांचीही तयारी युरोपातील तबेल्यांत झाली होती, कारण इथून घोडा न्यायचा तर मार्गच खुला नव्हता. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला देशातील पहिला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. देशी मातीतल्या घोड्याला परदेशी स्पर्धेचे दार त्यामुळे प्रथमच किलकिले झाले आहे. हांगझोऊच्या पदकाइतकेच मोल मी या बातमीला देतो, पण ती मला मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर दिसली नाही.

या सगळ्याचा सारंगखेड्याशी संबंध काय, असे आपण विचाराल. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, ‘चेतक फेस्टिव्हल’च्या निमित्ताने शासनाचेही लक्ष तिकडे वळले आहे आणि भाषणांतून या बाजाराला आंतरराष्ट्रीय करण्याची भाषा सतत कानी पडते. तेथे होते काय, तर घोड्यांचे नृत्य, सौंदर्यस्पर्धा आणि काही वेळ दौड. डफाच्या तालावर नाचणारा पांढराशुभ्र नुकरा घोडा पाहायला मलाही आवडतो. पण त्याच्या नाचावरून त्याच्या दमसासाची कल्पना येत नाही, आणि अंगावरील भोवरे शुभ की अशुभ, यावर त्याचा भाव ठरवणे तर शुद्ध अंधश्रद्धा आहे, मग वडीलधाऱ्यांना राग आला तरी चालेल.

मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला थरोब्रेडच्या बरोबरीने २४०० मीटर पळवणे हा अन्याय होईल, कारण थरोब्रेडची निवड इंग्लंडात तीन शतके केवळ वेगासाठी होत आली आहे. आपल्या घोड्यांची ताकद लांब पल्ल्याची, उन्हाची आणि कमी चाऱ्याची. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे याच गुणांवर मराठ्यांच्या मोहिमांत दौडले, आणि त्या जातीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र मान्यताही मिळाली. या गुणांची परीक्षा पाहणारा खेळ जगात आहे, त्याला एंड्युरन्स म्हणतात. त्यात १२० किंवा १६० किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्याने कापायचे असते आणि प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या वेळेत हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत उतरले नाहीत किंवा पायात लंगड दिसली, की घोडा तेथेच बाद. केरळच्या निदा अंजुम चेलाट या तरुणीने २०२३ साली फ्रान्समधील युवा गटाच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची ही शर्यत पूर्ण केली, तशी ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय. या खेळात घोड्याला मारून-झोडून जिंकताच येत नाही. त्याची काळजी घेणारा मोतद्दार आणि त्याला राखून नेणारा स्वार, यांचेच तेथे चालते.

म्हणून माझी सूचना अशी, की यात्रेच्या संयोजकांनी आणि जिल्हा प्रशासनाने एखादी चाळीस किलोमीटरची दौड ठेवावी. डिसेंबरची थंडी तिला अनुकूल आहे, आणि शहादा-सारंगखेडा परिसरात डांबर टाळून शेतशिवारातले मातीचे रस्ते निवडता येतील. दौडीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झालेली असावी, त्याच्या वयाची आणि आई-बापाची नोंद कागदावर असावी आणि निर्णय पशुवैद्यांच्या हाती असावा, पुढाऱ्यांच्या नव्हे. पहिल्या वर्षी दहा घोडे आले आणि त्यांतील सहा बाद झाले तरी हरकत नाही, कारण ते का बाद झाले हे लिहून ठेवले, तर पुढच्या वर्षी घोडा विकत घेणाऱ्याला देवमणापेक्षा अधिक उपयोगी माहिती मिळेल. आपल्या दैनिकाने अशा दौडीचा निकाल वेळ, अंतर आणि ठोक्यांच्या आकड्यांसह क्रीडापानावर छापावा आणि त्याच स्तंभात नोव्हेंबरात मेलबर्नचा व ऑक्टोबरात पॅरिसचा निकालही द्यावा, ही विनंती. भावाची बातमी बाजारभावाच्या पानावर खुशाल राहू द्या.

कळावे.

आपला नम्र,
एक अश्वप्रेमी वाचक
शहादा, जि. नंदुरबार