मिस्त्रीकाका, त्या एका निपलसाठी

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडं लिहितेय, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बाकी नौकामालकांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या हंगामात आमचं इंजिन भर समुद्रात धापा टाकत बंद पडायचं. बाबा आणि खलाशी बाहेर असले की आईला जेवण जात नसे. फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबत होता, पंप उघडून झाला होता. डिझेलचा थेंबही कुठे सांडलेला नव्हता, म्हणून गळतीचा संशय कुणालाच येईना. तुम्ही इंजिनखोलीत उतरलात आणि डिझेल टाकीच्या माथ्यावरच्या निपलवर, म्हणजे नळी जोडायच्या आटेवाल्या छोट्या तुकड्यावर, बोट ठेवलंत. इंजिन तिथून डिझेल ओढून घेतं. तिथे बारीक फट पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते.

निपल बदलून तुम्ही निघून जाऊ शकला असता. तुम्ही थांबलात, समजावून सांगितलंत. टाकी स्टेनलेसची, कॉक पितळेचा आणि मधे जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा निपल. खाऱ्या ओलाव्याने तिन्ही जोडले गेले की जस्त आणि लोखंडच आधी खाल्लं जातं. त्यात तुकडा लहान, म्हणून फार लवकर. शिवाय आतून जस्त डिझेलमध्ये उतरून चिकट साका तयार होतो, आणि तोच फिल्टरमध्ये अडकतो. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच होतं! नौकेच्या तळाला जस्त लावलंय म्हणजे सगळं सुरक्षित, असं बाबा समजत होते. ते जस्त आपल्याबरोबर पाण्यात बुडालेल्या आणि धातूने जोडलेल्या भागालाच वाचवतं, इंजिनखोलीतल्या निपलला नाही, हे त्यांना तुमच्यामुळे पटलं.

आता तिथे ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा निपल आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेप नाही, डिझेलला चालणारं सीलंट आहे; टेपचे धागे सुटून इंजेक्टरपर्यंत जातात, हे मी आता इतरांनाही सांगते. जोडांवरचं मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून ग्रीसचा हात फिरवायचं काम भावाने स्वतःकडे घेतलंय. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत टाकी जवळजवळ भरून ठेवली, म्हणजे आत दव धरायला जागा कमी.

एक मागणं आहे. तुमच्या हाताखालच्या पोरांनाही हे असंच कारणासकट शिकवा. जीआय स्वस्त मिळतं म्हणून कितीतरी नौकांवर अजून तेच बसवतात.

नारळी पौर्णिमेला घरी या. आई नारळीभात करणार आहे. त्याआधी टाकीच्या तळाचं पाणी काढायचंय, ते तुमच्यासमोर व्हावं अशी बाबांची इच्छा आहे.

तुमची,
नाखवांची मुलगी