मेलबर्नहून आबा आणि मायला

मेलबर्न
ऑगस्ट 2025

तीर्थरूप आबा आणि माय यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बेस शे. रोजचं सगळं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. कानबाई कशी झाली ते ताईने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. रोट किती दिवस पुरले? मी नसल्यामुळे संपवायला एक तोंड कमीच पडलं असेल. इथे कडाक्याची थंडी आहे, पण मोठ्या मायने दिलेली गोधडी अंगावर असते, काळजी नको.

आबा, तुम्ही दर फोनला एकच विचारता, "तठे काही व्हयनं तं आपलं कोन शे?" फोनवर मी "आहेत ना मैत्रिणी" म्हणते आणि विषय बदलते. पण ते खरं उत्तर नाही. खरं उत्तर लिहूनच द्यायला हवं, म्हणून हे पत्र. दादाकडून सगळ्यांसमोर वाचून घ्या.

आधी कॉलेज बंद पडण्याचं. नानांनी दाखवलेलं कात्रण खोटं नाही. 2009-10 च्या सुमाराला इथली बरीच खासगी कॉलेजं बंद पडली, परदेशी मुलं उघड्यावर आली, आणि त्याच काळात मेलबर्नमध्ये आपल्या पोरांवर हल्लेही झाले. पण त्यानंतर काय झालं ते कात्रणात नव्हतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी इथे 2000 सालापासून वेगळा कायदा आहे, त्याला ईसॉस म्हणतात. त्या गोंधळानंतर सरकारने चौकशी बसवून तो कडक केला. 2012 पासून ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस आहे. कॉलेजने कोर्स मध्येच बंद केला तर तिथले लोक दुसरीकडे तसाच कोर्स शोधून देतात, नाही मिळाला तर शिकवणं बाकी राहिलेल्या भागाची फी परत करतात. त्या योजनेची वर्गणी कॉलेजं भरतात, आपण नाही. म्हणजे घर तारण ठेवून तुम्ही भरलेली फी एका संस्थेच्या भरवशावर टांगलेली नाही. हे मी पैसे भरायच्या आधीच वाचलं होतं, आबा. तुम्ही सही करत होतात तेव्हा मी गप्प होते, पण डोळे मिटून आलेली नाही.

आता इथली एक गोष्ट सांगते, जी अजून माझ्या डोक्यात नीट बसत नाही. घर भाड्याने घेतलं की घराची स्थिती लिहून काढायची. वादळात केळीचं नुकसान झालं की तलाठी पंचनामा करतो ना, अगदी तसं, फक्त इथे नुकसान व्हायच्या आधीच पंचनामा. मालकाकडून छापील फॉर्म येतो. खोलीखोलीचं लिहायचं: भिंत, छत, खिडकी, पडदा, दिव्याचं बटण, नळ, बेसिनखालचं कपाट. भिंतीला खिळ्याचं भोक असेल तर किती भोकं आणि कुठे. गालिच्यावर डाग असेल तर कुठल्या कोपऱ्यात. मालक आपलं म्हणणं लिहितो, मग आपण त्यासमोर "मान्य" किंवा "नाही, इथे ओरखडा आहे" असं लिहायचं, फोटो काढायचे आणि राहायला आल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत सही करून परत द्यायचं. आम्ही चौघी मुली टॉर्च घेऊन ओव्हनच्या आत डोकावत होतो. शेजारची बाई म्हणाली, "गेल्या भाडेकरूने नळाची गळती लिहिली नव्हती, तेही लिहा." माय, आपल्याकडे कोणी भाड्याने आलं तर तू आधी चहा ठेवतेस. इथे आधी ओरखडे मोजतात, आणि कोणाला त्याचा राग येत नाही.

पण त्यामागे अर्थ आहे. डिपॉझिटला इथे बॉण्ड म्हणतात आणि तो मालकाच्या खिशात राहत नाही. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी कचेरीत दहा कामकाजाच्या दिवसांत जमा करावा लागतो, तिथून आपल्याला पोच येते. घर सोडताना मालकाला परस्पर पैसे कापता येत नाहीत. आपण कबूल झालो नाही तर त्याला दाद मागून सिद्ध करावं लागतं, आणि तेव्हा हा कागदच बोलतो. आमची पोच आणि फोटो दादाच्या मेलवर टाकलेत.

कामाचं विचारलंत. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, ही व्हिसाची अट आहे आणि मी ती पाळते. "एवढ्याने भागतं का?" असं विचारू नका, भागतं. जुलैपासून किमान मजुरी तासाला 24.95 डॉलर झाली आहे. आमच्या घरातल्या नेपाळी मुलीला मात्र एक हॉटेलवाला त्यापेक्षा कितीतरी कमी, तेही रोख, देत होता. वर तिला म्हणायचा, बोललीस तर व्हिसा जाईल. ती रात्र रात्र जागी असायची. शेवटी युनिव्हर्सिटीच्या मोफत कायदा केंद्रात तिला घेऊन गेलो. तिथे कळलं की मजुरीचे हक्क इथल्या गोऱ्या मुलीला जे, तेच तिला. आणि व्हिसाची भीती घालून कोणाला राबवून घेणं 1 जुलै 2024 पासून गुन्हा आहे. आता मजुरीच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कचेरीकडे, म्हणजे फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे, तिचं प्रकरण आहे. ज्या दिवशी तिने अर्ज दिला, त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली. मला हे तुम्हाला सांगायचंच होतं.

ताईने माझ्या तापाचं सांगितलंच असेल. मी लपवलं नाही, फक्त उतरल्यावर सांगणार होते. पूर्ण व्हिसाच्या मुदतीचा आरोग्य विमा आधीच घ्यावा लागतो, तो आहे. डॉक्टरकडे गेले, औषध घेतलं. दात आणि चष्मा त्यात येत नाही, म्हणून माय, तू दिलेली लवंग जपून वापरते.

युनिव्हर्सिटीने अन्याय केला आणि तिथे कोणी ऐकलं नाही तर यंदा फेब्रुवारीपासून विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा नॅशनल स्टुडंट ऑम्बुड्समन आहे, पैसे लागत नाहीत. मन फार जड झालं तर बोलायला समुपदेशक आहे. मी एकदा जाऊन आले. घाबरू नका, बरं वाटलं. आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर माझं नाव नोंदलंय. काही दिवस माझा पत्ता लागला नाही तर दादाला चोपड्यात बसून तिथे तक्रार टाकता येईल. पासवर्डची वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे.

नानांच्या पप्पूला यायचं आहे म्हणे. येऊ दे, पण त्याला ठणकावून सांगा: परदेशी मुलांना शिकवायची परवानगी असलेल्या कॉलेजांच्या सरकारी यादीत, म्हणजे क्रायकॉसमध्ये, आपलं कॉलेज आहे का ते स्वतः बघायचं, लेखी करार हातात आल्याशिवाय फी भरायची नाही, आणि एजंटच्या खात्यात फीचा एक रुपयाही टाकायचा नाही. नाना चिडतील, चिडू देत.

आता दादाचं. शिरपूरच्या पाहुण्यांना तुम्ही पुढच्या वर्षीचा शब्द दिलात, हे मला वहिनी होणाऱ्या मुलीच्या मेसेजवरून कळलं. माझ्या फीमुळे त्याचं लग्न थांबलं असेल तर मला इथे घास गिळवणार नाही. कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज चढतंय ते मला माहीत आहे. या महिन्यापासून तीनशे डॉलर पाठवते. ते व्याजात टाका आणि दिवाळीनंतरची तारीख धरा. माझ्या मजुरीवर मालक 12 टक्के सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखं, वेगळं भरतो, पण ते देश सोडल्यावर कर कापून मिळेल, त्यावर आत्ता हिशेब मांडू नका. मी लग्नाला येईन असं म्हणत नाही, तिकिटाचे पैसे दादाच्या मांडवात गेलेले बरे. माझ्या धुळ्याच्या स्थळाला मात्र स्पष्ट नाही सांगा. कोर्स जून 2026 ला संपतो, त्यांना ताटकळत ठेवणं बरोबर नाही.

मोठ्या मायला नमस्कार. केळीवरचा सीएमव्ही रोग किती पसरला ते खरं खरं कळवा.

तुमची,
वैशू

ता. क. : दादा, पुढच्या सेमिस्टरची फी पाठवताना बँकेने टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर) मागितला तर देऊ नकोस. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर एप्रिल 2025 पासून तो लागत नाही. कर्जमंजुरीचं पत्र सोबत ने.